क्ष-किरण कॉन्ट्रास्ट द्रव्ये आणि रक्तवाहिन्या

प्रस्तावना :
रंटजेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत व्हिएन्ना येथे हाशेक व लिंडेनथाल यांनी एका निर्जीव हाताच्या धमन्यांत क्ष-किरण अडविणारे मिश्रण भरून रक्तवाहिन्यांचे पहिले चित्र घेतले. निर्जीव वाहिनीत असे द्रव्य केवळ सावली पाडते. सजीव वाहिनी मात्र त्यास प्रतिसाद देते. या प्रतिसादाचे स्वरूप प्रस्तुत लेखात मांडले आहे. कणकवली परिसरातील रुग्णास अँजिओग्राफीसाठी बांबोळी वा कोल्हापूर गाठावे लागे, ही फार जुनी गोष्ट नव्हे. एवढा प्रवास करूनही ‘डाय टोचल्याने किडनी जाते’ या भीतीपोटी तपासणी टाळली जात असेल, तर त्या भीतीची शास्त्रीय छाननी आवश्यक ठरते.

द्रव्य आणि वाहिनी :
क्ष-किरण अडविण्याचे काम आयोडीनचा जड अणू करतो. १९२७ मध्ये लिस्बन येथे एगास मोनीझ यांनी सोडियम आयोडाइड वापरून मेंदूतील धमन्या दृश्यमान केल्या. परंतु ते द्रव्य दाहक होते. १९३० च्या दशकात थोरियम डायऑक्साइडयुक्त थोरोट्रास्ट लोकप्रिय झाले. त्याने वेदना होत नसत आणि चित्रेही सुरेख येत. मात्र ते यकृतात व प्लीहेत कायमचे साठून अल्फा किरण उत्सर्जित करीत राही. कित्येक वर्षांनी अशा रुग्णांत यकृताचे कर्करोग आढळले. त्यांपैकी एक प्रकार रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरातूनच उद्भवणारा होता.

पुढे बेंझिनच्या कड्यास आयोडीनचे तीन अणू जोडलेली द्रव्ये आली. ती विद्राव्य होती व मूत्रावाटे निघून जात. पण पाण्यात त्यांच्या प्रत्येक रेणूचे दोन आयन होत. परिणामी त्यांचे परासरण मूल्य १५०० मिलिऑस्मोल प्रतिकिलोच्या वर जाई. रक्ताचे हे मूल्य सुमारे २९० आणि समुद्राच्या पाण्याचे सुमारे १००० असते. म्हणजेच धमनीत समुद्राहूनही तीव्र द्रावण सोडले जाई. अंतःस्तराच्या पेशींतील पाणी बाहेर ओढले जाऊन त्या आकसत आणि त्यांमधील सांधे सैल होत. तांबड्या पेशी आक्रसून ताठर बनत. वाहिनीच्या भिंतीतील स्नायू शिथिल होऊन ती रुंदावे. रुग्णास अंगभर जाणवणारी उष्णता, पायाच्या धमनीत टोचताना होणारी असह्य आग आणि रक्तदाबातील घट ही सारी त्याचीच फलिते होत.

स्वीडनचे टॉर्स्टेन आल्मेन यांना यावरील उपाय पोहण्याच्या अनुभवातून सुचला, असे सांगतात. मचूळ बाल्टिक समुद्रात डोळे उघडे ठेवता येत, पश्चिम किनाऱ्याच्या खाऱ्या पाण्यात ते चुरचुरत. (मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्यास हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.) आयनांत न विभागणारा रेणू वापरल्यास आयोडीन तेवढेच राहून कणांची संख्या निम्मी होईल, हा त्यांचा विचार होता. आज प्रचलित असलेल्या आयोहेक्सॉलचे मूल्य सुमारे ६५० ते ८५० असते. त्यास ‘न्यून’ म्हणतात ते जुन्या द्रव्यांच्या तुलनेत. आयोडिक्सॅनॉल रक्ताच्या बरोबरीचे आहे, पण अधिक दाट असल्याने ते शरीराच्या तापमानापर्यंत ऊन करून टोचणे इष्ट ठरते.

मूत्रपिंड :
मूत्रपिंडात चित्र उलटे दिसते. तेथील वाहिन्या क्षणभर रुंदावून नंतर दीर्घकाळ आकुंचन पावतात. मूत्रपिंडाचा अंतर्भाग मुळातच अल्प प्राणवायूवर चालत असल्याने तेथे इजा संभवते. ही यंत्रणा खरी असली तरी तिचे प्रत्यक्षातील प्रमाण पूर्वी फुगवून सांगितले गेले. डाय न टोचता सी.टी. स्कॅन केलेल्या तत्सम आजारी रुग्णांतही क्रिएटिनिन जवळपास तेवढेच वाढते, असे तुलनात्मक अभ्यासांतून दिसून आले. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी व नॅशनल किडनी फाउंडेशन यांनी २०२० मध्ये संयुक्त निवेदनात ही गोष्ट मान्य केली आणि शिरेतून डाय देताना विशेष खबरदारी मुख्यतः गाळणक्षमता ३० पेक्षा कमी असलेल्या वा मूत्रपिंडास तीव्र इजा झालेल्या रुग्णांपुरती सुचविली. हृदयविकाराच्या झटक्यात अँजिओग्राफी लांबविल्याने होणारी हानी या जोखमीहून बहुधा मोठी असते.

मासे आणि आयोडीन :
आपल्या किनाऱ्यावर आणखी एका समजाची दखल घ्यावी लागते. कोळंबी वा कुर्ल्या खाल्ल्यावर पित्त उठत असेल, तर आयोडीनयुक्त डाय चालणार नाही, असे मानले जाते. काही वैद्यकीय अर्जांतही तसा प्रश्न असतो. वास्तविक ही ॲलर्जी प्रामुख्याने ट्रोपोमायोसिन या स्नायू-प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. आयोडीन हे शरीरास आवश्यक मूलद्रव्य असून मिठातून ते आपण रोज सेवन करतो. कोणत्याही तीव्र ॲलर्जीच्या प्रकृतीत डायच्या प्रतिक्रियेचा संभव किंचित वाढतो; त्यात माशांचे वेगळे स्थान नाही. पूर्वी डाय टोचल्यावर पित्त उठले होते काय, श्वास अडकला होता काय, हा प्रश्न मात्र निर्णायक आहे. उत्तर होकारार्थी असल्यास त्या वेळचे द्रव्य कोणते होते हे शोधून दुसरे निवडावे लागते. म्हणूनच जुन्या तपासणीचे कागद रुग्णाने जपून ठेवणे उपयुक्त ठरते.