धनुष्यबाणाची शिकार (लेखांक ६) : पातं स्थिर असावं की उघडणारं?

मागच्या लेखांकात बाणाचं वजन आणि वेग यांचा हिशेब मांडला. आज बाणाच्या टोकाविषयी. अमेरिकेत शरद ऋतूत व्हाइटटेल हरणांचा हंगाम जवळ आला की धनुर्धाऱ्यांमध्ये एक जुना वाद हमखास निघतो. ब्रॉडहेड, म्हणजे बाणाचं धारदार पात्यांचं टोक, स्थिर पात्यांचं घ्यावं की मेकॅनिकल, म्हणजे प्राण्याला लागल्यावर पाती उघडणारं? भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली. तिकडे ती परवाना, हंगाम आणि संख्येची मर्यादा पाळून केली जाते. ज्याला ती करायची आहे, त्याच्यावर एक जबाबदारी येतेच : जनावर लवकर मेलं पाहिजे. या वादाकडे मी त्याच दृष्टीने पाहतो.

बाणाने मरण येतं ते कशामुळे, हे आधी पाहू. .३०८ रायफलच्या गोळीत साधारण ३,५०० जूल ऊर्जा असते. ४०० ग्रेन, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमचा बाण कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेल्या, धनुष्यातून सेकंदाला ८५ मीटर वेगाने सुटला, तर त्याच्यात ९४ जूलच्या आसपास ऊर्जा असते. एवढ्या धक्क्याने हरीण कोसळत नाही. बाण कापतो. दोन्ही फुफ्फुसं आरपार चिरली गेली की रक्तदाब घसरतो, छातीच्या पोकळीत हवा शिरते आणि जनावर काही सेकंदांत खाली बसतं. म्हणून पात्याची धार ही पहिली अट. बोथट विळीवर टोमॅटो चिरण्याऐवजी चेंगरतो; बोथट पात्यापुढेही रक्तवाहिनी बाजूला सरकते किंवा फाटते, आणि फाटलेल्या जागी रक्त लवकर गोठतं. हा नियम दोन्ही प्रकारांना सारखाच लागू आहे.

स्थिर ब्रॉडहेडमध्ये हलणारा एकही भाग नसतो. फ्रेड बेअर यांनी १९५६ साली बाजारात आणलेलं रेझरहेड याच जातीचं. पण पुढे धनुष्य बदललं. मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ साली कंपाउंड धनुष्याचं पेटंट मिळालं आणि पुढच्या काही दशकांत बाणांचा वेग वाढत गेला. वेग वाढला तशी एक अडचण ठळक झाली. टोकाची रुंद पाती हवेत पंखांसारखी वागतात. मागची पिसं बाणाला एका दिशेने नेतात, पुढची पाती दुसरीकडे खेचतात. बाण सुटताना किंचित जरी तिरका असला, तरी तीस यार्डांवर तो नेम सोडतो.

मेकॅनिकल ब्रॉडहेड लोकप्रिय झालं ते या अडचणीवरचा उपाय म्हणून. उडताना त्याची पाती मिटलेली असतात, त्यामुळे बाण सरावाच्या साध्या टोकासारखाच उडतो. शिवाय उघडल्यावर जखम रुंद होते. स्थिर पात्यांचं नेहमीचं माप सव्वा इंचाच्या आत असतं. मेकॅनिकलमध्ये दोन इंच ही सर्वसाधारण गोष्ट आहे.

इथे जाहिरातीतल्या आकड्याकडे जरा नीट पाहावं. तीन पात्यांच्या एक पूर्णांक एक अष्टमांश इंची स्थिर ब्रॉडहेडमध्ये प्रत्येक पातं मध्यापासून १.४३ सेंटिमीटर कापतं, म्हणजे एकूण काप ४.३ सेंटिमीटरचा. दोन पात्यांच्या दोन इंची मेकॅनिकलचा एकूण काप ५.१ सेंटिमीटर. रुंदी जवळजवळ पावणेदोन पट दिसते, प्रत्यक्ष कापलेलं मांस मात्र पाचव्या हिश्शाच्या आसपासच जास्त. रुंदीचा खरा फायदा नेम थोडा चुकल्यावर मिळतो. पातं लांबवर पोचतं आणि एखादी मोठी रक्तवाहिनी त्याच्या वाटेत येण्याची शक्यता वाढते. त्याची किंमतही असते. पाती उघडायला ऊर्जा खर्च होते, रुंद पात्याला घर्षण जास्त होतं आणि बाण कमी खोल जातो. फार तिरक्या कोनात एक पातं आधी टेकलं, तर बाणाची दिशा बदलू शकते.

मग प्रत्यक्ष अनुभव काय सांगतो? मेरीलँडमधल्या इंडियन हेड या नौदलाच्या तळावर नियंत्रित शिकारीची नोंद वर्षानुवर्षं ठेवली गेली. तिथल्या शिकाऱ्यांना दरवर्षी नेमबाजीची चाचणी द्यावी लागे. तरीही २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाण लागलेल्या हरणांपैकी १८ टक्के सापडली नव्हती. नंतरच्या आकडेवारीत स्थिर ब्रॉडहेड वापरणाऱ्यांना सुमारे ८२ टक्के हरणं मिळाली, मेकॅनिकलवाल्यांना सुमारे ९१ टक्के. स्थिर पात्यांच्या कट्टर पुरस्कर्त्यांनी हा आकडा झटकून टाकू नये. मात्र ही सगळी व्हाइटटेल होती. एल्कसारख्या तीनशे किलोच्या जनावराच्या बरगड्यांना तोच हिशेब लावता येणार नाही.

दुसऱ्या टोकाला डॉ. एड ॲशबी यांचं काम आहे. त्यांनी आफ्रिकेतल्या मोठ्या जनावरांवर बाण किती खोल जातो याचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांच्या क्रमवारीत पहिला निकष म्हणजे बाण आणि टोक न मोडणं, आणि दुसरा म्हणजे बाणाचं निर्दोष उड्डाण. धारेचा कोन, वजन वगैरे सगळं त्यानंतर.

हा दुसरा निकषच मला या वादाचं मर्म वाटतो. धनुष्य नीट जुळवलेलं नसेल, तर स्थिर ब्रॉडहेड ते सरावाच्या मैदानावरच दाखवून देतं. मेकॅनिकल तो दोष झाकतं. बाण निशाण्यावर बसतो, पण शेपूट हलवत, तिरका बसतो. फोमच्या निशाण्यात हे कळत नाही. बरगडीवर कळतं, कारण तिरक्या बाणाची ऊर्जा आत जाण्याऐवजी दांडी वाकवण्यात जाते.

म्हणून माझा आग्रह असा : शेवटी काहीही वापरा, धनुष्य मात्र स्थिर ब्रॉडहेड लावूनच जुळवा. वीस यार्डांवरून साधी टोकं आणि त्याच वजनाची ब्रॉडहेड आलटून पालटून मारा. ब्रॉडहेड डावीकडे पडत असतील, तर बाणाचा रेस्ट (बाण टेकतो तो आधार) किंचित उजवीकडे सरकवा, एका वेळी मिलिमीटरपेक्षा कमी. दोन्ही एकाच जागी पडू लागली की तीस आणि चाळीस यार्डांवर तेच करा. सरावात वापरलेली पाती शिकारीला नेण्याआधी बदला किंवा पुन्हा धार लावा.

त्यानंतरची निवड सोपी आहे. ओढ पन्नास पाउंडांच्या खाली असेल, किंवा हातात रिकर्व्ह अथवा लाँगबो असेल, तर स्थिर पातंच घ्यावं. पंचेचाळीस पाउंडी रिकर्व्हमधून ५०० ग्रेनचा बाण साधारण ४० जूल घेऊन निघतो. त्यातलं काही पाती उघडण्यावर खर्च करणं परवडत नाही. एल्कसाठीही स्थिरच. साठ पाउंडांच्या पुढचं कंपाउंड आणि समोर आडवं उभं असलेलं व्हाइटटेल असेल, तर मेकॅनिकल उत्तम काम करतं. रानटी टर्कीचं मर्मस्थान लहान असल्याने तिथेही रुंद काप उपयोगी पडतो. आणि खरेदीआधी आपल्या राज्याची चालू हंगामाची नियमपुस्तिका वाचा. अनेक ठिकाणी किमान रुंदी सात अष्टमांश इंच ठरवलेली असते, आणि इडाहोसारख्या राज्याने मेकॅनिकलवर दीर्घकाळ बंदी ठेवली होती.

कोणतंही पातं चुकीच्या कोनातून सोडलेला बाण सुधारत नाही. जनावर समोरासमोर असेल किंवा खांदा आड येत असेल, तर प्रत्यंचा सोडू नये.

पुढच्या आठवड्यात : बाण लागल्यानंतर किती वेळ थांबायचं, आणि रक्ताच्या रंगावरून जखम कुठे आहे हे कसं ओळखायचं.