रेपो दर सातपुड्यापर्यंत पोहोचतो तेव्हा

4 मे 2022. पतधोरण समितीची ठरलेली बैठक जूनमध्ये होती, पण तेवढेही थांबायला वेळ नव्हता. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी त्या दुपारी अचानक जाहीर केले, की रेपो दर 4 टक्क्यांवरून 4.40 टक्के होणार. युक्रेनच्या युद्धाने तेल भडकले होते आणि त्या एप्रिलची किरकोळ महागाई 7.79 टक्के निघाली. फेब्रुवारी 2023 पर्यंत दर आणखी पाच वेळा वाढला, 6.50 टक्क्यांवर गेला आणि तिथे दोन वर्षे थांबला. फेब्रुवारी 2025 पासून तो उतरू लागला व डिसेंबर 2025 मध्ये 5.25 टक्क्यांवर आला. चढ-उताराचे एक आवर्तन पूर्ण होत आल्यामुळे, वाढलेला दर नंदुरबार जिल्ह्यात कुणाकडे किती लवकर पोहोचला हे आता नीट पाहता येते.

बँका रिझर्व्ह बँकेकडून थोड्या मुदतीसाठी पैसे उचलतात, त्यावरचे व्याज म्हणजे रेपो. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांच्या नव्या बदलत्या दराच्या गृहकर्जांना आणि लघुउद्योगांच्या कर्जांना अशा बाहेरच्या दराशी बांधणे सक्तीचे झाले. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपोच निवडला. त्यामुळे मुंबईत झालेली वाढ फार तर तीन महिन्यांत कर्जदाराच्या खात्यावर येते.

या जिल्ह्यात गृहकर्ज असते ते मुख्यतः नंदुरबार, शहादा, नवापूर, तळोदा अशा गावांतल्या पगारदारांकडे: शिक्षक, आरोग्य कर्मचारी, एसटी महामंडळातले लोक. समजा, एखाद्या शिक्षक दांपत्याने 7 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 20 लाख घेतले. हप्ता बसतो 15,506 रुपये. दर साडेआठ झाला आणि बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, तर 20 वर्षांची जवळजवळ 29 वर्षे होतात. दर साडेनऊवर गेला, तर पहिल्या महिन्याचे नुसते व्याजच 15,833 रुपये होते. म्हणजे जुना हप्ता भरत राहिले तरी कर्ज फिटत नाही, उलट वाढते. मुदत तीच ठेवायची तर हप्ता 18,643 रुपये करावा लागतो. ‘हप्ता वाढला नाही ना, मग ठीक आहे’ असे म्हणून अनेकांनी ही तीन वर्षे काढली. हे समाधान फार महागात पडते, कारण वाढीव मुदतीचा बोजा निवृत्तीनंतरच्या वर्षांवर जाऊन पडतो.

रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 रोजी बँकांना बजावले, की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, ही निवड कर्जदाराला द्या, आणि उरलेले मुद्दल, हप्ते व दर दाखवणारे विवरण दर तिमाहीला उपलब्ध करून द्या. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरल्यास दंडही लागत नाही. दर उतरला असताना शाखेत जाऊन ‘माझी किती वर्षे उरली?’ हे विचारायलाच हवे. जिल्ह्यातल्या माझ्या ओळखीच्या कर्जदारांपैकी फार थोड्यांनी ते विचारले आहे.

सातपुड्यातल्या अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांवर मात्र हा हिशेब लागू नाही. तिथली पक्की घरे बहुतांशी प्रधानमंत्री आवास किंवा शबरी घरकुल योजनेच्या अनुदानातून उभी राहतात. तिथल्या कुटुंबांना हप्ता नाही. त्यांचे घर अडते ते सिमेंट आणि सळईच्या भावापाशी.

ठेवीदाराकडे व्याजवाढ उशिरा आली, पण आली. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर 7.4 टक्क्यांवरून एप्रिल 2023 पर्यंत 8.2 टक्के झाला आणि ठेवीची मर्यादा 15 लाखांवरून 30 लाख झाली. निवृत्त मुख्याध्यापकाला याचा खरा आधार मिळाला. पीपीएफ मात्र एप्रिल 2020 पासून 7.1 टक्क्यांवरच आहे. आणि साधे बचत खाते? स्टेट बँकेने बचत खात्यावर 2020 मध्ये ठरवलेला 2.70 टक्के दर रेपो अडीच टक्क्यांनी चढला तरी सामान्य खातेदारासाठी हलला नाही. दर उतरू लागल्यावर, जून 2025 मध्ये, तो अडीच टक्के झाला. 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातले पहिले आधार कार्ड शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिले गेले, आणि पुढे अनुदान थेट अशाच बचत खात्यांत येऊ लागले. ज्यांची सगळी शिल्लक अशा साध्या खात्यातच असते, त्यांच्यापर्यंत व्याजवाढ पोहोचलीच नाही. हे मला अन्यायाचे वाटते.

व्याजदराचा रोजगाराशी संबंध समजून घ्यायचा तर मिरचीकडे पाहावे. हंगामात नंदुरबारचे व्यापारी शेतकऱ्याकडून ओली लाल मिरची रोखीने घेतात, पथारीवर वाळवतात, बायका देठ खुडतात आणि माल पुढे महिन्यांनी विकला जातो. मधला सगळा काळ पैसा अडकलेला असतो, आणि तो बराचसा बँकेच्या सीसीतून, म्हणजे कॅश क्रेडिटमधून येतो. 50 लाखांच्या उचलीवर अडीच टक्क्यांची वाढ म्हणजे चार महिन्यांना सुमारे 42 हजारांचे जादा व्याज. व्यापारी ते खिशातून भरत नाही. माल कमी घेतो, लवकर विकतो किंवा लिलावात हात आखडता घेतो. त्याचा फटका आधी शेतकऱ्याच्या भावाला आणि मग पथारीवरच्या मजुरीच्या दिवसांना बसतो. नवापूरच्या डाळ मिलचेही तेच, कारण तूर हंगामात भरून ठेवावी लागते. शहाद्याच्या केळी-पपईवाल्याला पीककर्जात झळ लागत नाही. 3 लाखांपर्यंतचे कर्ज वेळेत फेडले तर केंद्र आणि राज्याच्या सवलतीमुळे व्याज शून्यावर येते. पण ट्रॅक्टरच्या आणि ठिबकच्या मुदत कर्जाला हे छत्र नाही. आणि सुरत पट्ट्यातली बांधकामे मंदावली, की तिथे मजुरीला गेलेला माणूस लवकर घरी परततो. त्याला कुणी कामावरून काढल्याचे पत्र देत नाही, म्हणून बेरोजगारीच्या चर्चेत तो दिसतही नाही.

याच्याही खाली एक थर आहे, जिथे रेपोची भाषाच चालत नाही. दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांसाठी इथला कोयता, म्हणजे ऊसतोडीचे जोडपे, मुकादमाकडून उचल घेऊन जातो. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1970 च्या दशकातच बारडोलीच्या ऊसतोडीवर लिहिताना खानदेशातून येणाऱ्या या मजुरांच्या कर्जबांधणीची नोंद केली. ती उचल अंगमेहनतीने फिटते, आणि तिचा दर मुकादम ठरवतो. दुसरीकडे मायक्रोफायनान्स. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या नियमांनी या कर्जांवरची व्याजाची कमाल मर्यादाच काढून घेतली, म्हणजे पहिल्या रेपोवाढीच्या जेमतेम महिनाभर आधी. 24 टक्क्यांच्या आसपासचे दर तिथे सर्रास असतात.

उमेद या राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या महिला बचत गटाला 3 लाखांपर्यंतचे बँक कर्ज 7 टक्क्यांनी मिळू शकते. मायक्रोफायनान्स आणि हे कर्ज यांच्या दरांत सुमारे 17 टक्क्यांचा फरक आहे. देशभर ज्याची चर्चा झाली ती पूर्ण रेपोवाढ अडीच टक्क्यांची होती. धडगावच्या पाड्यावरच्या बाईला महाग कर्ज घ्यावे लागते, कारण वसुलीवाला तिच्या दारात येतो आणि बँकेची शाखा घाट उतरून गाठावी लागते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दर तिमाहीला बँकांची जिल्हा समिती बसते. अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुव्यातल्या किती गटांना 7 टक्क्यांचे कर्ज मिळाले आणि किती अर्ज परत गेले, हा आकडा तिथे प्रत्येक बैठकीत गावनिहाय मांडला जावा. ग्रामसभेनेही तो मागावा.