एकाच लाव्ह्याची काळी आणि तांबडी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिद्रीच्या साखर कारखान्याच्या परिसरातलं काळं रान उन्हाळ्यात मोकळं पडलं की भेगाळतं. दोन-चार वळीव झाले की तीच जमीन फुगते, भेगा मिटतात आणि औत घालणं अवघड होतं. ही माती दख्खनच्या बेसॉल्टची, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याची. तरीही मृदाशास्त्रात ज्वालामुखीच्या मातीसाठी ‘अँडिसॉल’ नावाचा जो गण आहे, त्यात तिला जागा नाही.

अँडिसॉल मुख्यतः राखेतून होतात; जपान, इंडोनेशिया, न्यूझीलंडमध्ये त्या आढळतात. हवेत उडालेली राख झटकन थिजते, तिच्यात काचेचे कण राहतात. ते लवकर झिजून ॲलोफेनसारखी खनिजं तयार होतात. अशी माती भुसभुशीत आणि हलकी असते, घनता दर घनसेंटिमीटरला ०.९ ग्रॅम किंवा त्याहून कमी. तिचा काळेपणा भरपूर सेंद्रिय पदार्थांचा असतो. स्फुरद मात्र ती घट्ट धरून ठेवते, पिकाला सहज देत नाही.

आपल्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आतच. तिचा गण ‘व्हर्टिसॉल’: चिकणमाती किमान ३० टक्के आणि उघडमीट करणाऱ्या भेगा. बेसॉल्टमधला चुना, मॅग्नेशियम आणि सिलिका जिथे पूर्ण धुऊन गेली नाही, तिथे स्मेक्टाइट हे खनिज तयार झालं. त्याचे सूक्ष्म थर पानांच्या चळतीसारखे असतात. पाणी मधे शिरलं की चळत फुगते.

पश्चिमेला राधानगरीकडे चढत जा. खडक तोच, पण सह्याद्रीच्या मुसळधार पावसानं चुना आणि सिलिका वाहून नेली. लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं. म्हणून तिथे तांबडा जांभा, आणि दुर्गमानवाडीला बॉक्साइटची खाण. मला हे फार मोलाचं वाटतं, की मातीचं वर्गीकरण तिचा खडक विचारून थांबत नाही, तिचं वागणं पाहतं.

उसाला पाटपाणी देताना हे वागणंच महत्त्वाचं. भारी काळ्या रानात निचरा मंद असतो; पाणी सतत जास्त झालं तर भूजल वर येतं, क्षार पृष्ठभागी साचतात आणि जमीन क्षारपड होते. अशा रानाची पारख वरच्या वीतभर मातीवरून होत नाही. मीटरभर खड्डा घ्यावा आणि खाली चुनखडीचे खडे, एकमेकांवर घासून गुळगुळीत झालेली ढेकळं, मुरूम किती खोल लागतो हे पाहावं. निचऱ्याचे चर कुठे आणि किती खोल घ्यायचे, ते त्यावरून ठरवता येतं.