खुब्यातली सुई

मोजे चढवायला किंवा पायाची नखं कापायला वाकता येईना, की खुबा झिजल्याची शंका घ्यावी. दुखतं मात्र जांघेत, कधी नुसतंच गुडघ्यात. म्हणून पुष्कळांचा पहिला एक्स-रे गुडघ्याचाच निघतो. गोळ्या झाल्या, व्यायाम झाले, ऑपरेशनची अजून तयारी नाही, अशा वेळी प्रश्न येतो : "डॉक्टर, एखादं इंजेक्शन नाही का?"

गुडघ्यात सुई हाताच्या अंदाजानं देता येते. खुबा मात्र जाड स्नायूंखाली खोल, आणि जवळूनच मांडीची मोठी धमनी जाते. त्यामुळे सोनोग्राफी किंवा एक्स-रेच्या पडद्यावर बघतच सुई घालावी लागते. सोनोग्राफीत ती पांढऱ्या रेघेसारखी सरकते आणि औषध शिरलं की सांध्याचं आवरण किंचित वर उचललेलं दिसतं.

औषधांत सगळ्यात जुनं स्टिरॉइड. सांध्यात ते १९५० च्या आसपासपासून देतात. इंग्लंडमधल्या १९९ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. सल्ला-व्यायामाच्या जोडीला स्टिरॉइड आणि भूल देणारं लिडोकेन टोचलेल्यांचं दुखणं नुसत्या सल्ला-व्यायामवाल्यांपेक्षा कमी झालं. दोन आठवड्यांनी तर दहाच्या मोजपट्टीवर तीन अंकांचा फरक होता. पुढे तो ओसरत गेला. गंमत तिसऱ्या गटाची. त्यांना फक्त लिडोकेन दिलं होतं, ज्याचा असर काही तासांचा. तरी सहा महिन्यांच्या हिशेबात स्टिरॉइडवाले त्यांच्यापेक्षा नक्की सरस ठरले, असं म्हणता आलं नाही. सुईचा, पडद्याचा, विश्वासाचा वाटा किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

दुसरं 'वंगण', म्हणजे हायल्युरॉनिक आम्ल. एकेकाळी ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत. झिजलेल्या सांध्यात तेल घालायचं, ही कल्पना इतकी पटण्याजोगी की पुरावा मागायचं कुणाला सुचत नाही. डेन्मार्कमध्ये १०१ रुग्णांवर स्टिरॉइड, वंगण आणि साधं मिठाचं पाणी यांची थेट तुलना झाली (२००६). स्टिरॉइड पाण्यापेक्षा सरस ठरलं. वंगणाबाबत तसं ठामपणे दाखवता आलं नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये खुब्यासाठी स्टिरॉइडची जोरदार शिफारस केली आणि वंगण देऊच नये असं तितक्याच जोरात सांगितलं.

त्याच शिफारशींत पीआरपीलाही नकार मिळाला. पीआरपी म्हणजे आपलंच रक्त यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेटांचा दाट भाग सांध्यात सोडायचा. पण दाट म्हणजे किती, याची पाककृती प्रत्येक दवाखान्यात निराळी. त्यामुळे तुलना तरी कशाची कशाशी करायची?

बाकीच्यांना नकार मिळाला म्हणून स्टिरॉइड हवं तितक्यांदा घ्यावं, असंही नाही. २०१७ च्या एका चाचणीत गुडघ्यात दोन वर्षं दर १२ आठवड्यांनी ते दिलं, तेव्हा मिठाचं पाणी दिलेल्यांपेक्षा कूर्चा जास्त झिजली आणि दुखण्यात फरक पडला नाही. शिवाय खुबा बदलायचं ठरत आलं असेल, तर सुई आणि ऑपरेशन यांत निदान तीन महिने जाऊ द्यावे लागतात, नाहीतर जंतुसंसर्गाची भीती वाढते. ऑपरेशनची तारीख मिळालेली असेल, तर सुईची गोष्ट निघताच ती तारीख डॉक्टरांना सांगावी.