कोळ्याचे जाळे भक्ष्य कसे धरते

उमेदीची वर्षे यंत्रमागावर गेल्यामुळे आमची एक खात्री होती, की सूत ताठ आणि भक्कम असले म्हणजे झाले. कोळ्याच्या जाळ्याविषयी वाचू लागलो तेव्हा ही खात्री अर्धीच खरी ठरली.

श्रोतेहो, माळ्यावरचे धुळकट कोळिष्टक येथे बाजूला ठेवू. पहाटे कुंपणावर दवाने चमकणारे, गाडीच्या चाकासारखे जाळे डोळ्यांपुढे आणा. तुंब्यापासून निघणारे आरे कोरडे व ताठ असतात. त्यांवरून वळसे घेत गेलेला धागा मात्र चिकट. युरोपातल्या बागांत आढळणाऱ्या कोळ्याच्या धाग्यांची मापे १९९९ साली प्रसिद्ध झाली. आऱ्यांच्या जातीचा धागा सुमारे २७ टक्के ताणला की तुटतो. चिकट धागा २७० टक्के, म्हणजे मूळ लांबीच्या पावणेचारपट होईतो टिकतो.

एवढे ताणले जाणे कशासाठी? माशी वेगाने येऊन आदळते. जाळे नुसते ताठ असते तर फाटले असते. रबरासारखे असते तर त्याने तिला उलट भिरकावले असते. धक्का मुख्यतः आरे सोसतात, आणि घेतलेल्या शक्तीपैकी सुमारे ६५ टक्के उष्णतेच्या रूपाने जिरवून टाकतात. मग काम चिकट धाग्याचे. माशी धडपडते तसा तो लांबत जातो. जोर लावायला तिला घट्ट आधारच मिळत नाही. आमच्या कारखान्यात बीमवरचा ताण वाढवला की तारा तुटत, आणि दंड विणकराच्या पगारातून कापला जाई. तेव्हा हे आकडे हाती असते तर मालकाशी बोलणे जरा निराळे झाले असते!

वळसे दाट घातले तर चिलटेही सुटत नाहीत, पण तेवढ्याच रेशमात जाळे लहान होते. विरळ घातले तर जाळे मोठे, पण बारीक किडे आरपार जातात. रेशीम म्हणजे प्रथिन. उपाशी पोटी ते आणायचे कोठून? म्हणून अनेक जातींचे कोळी जुने जाळे खाऊन त्याच मालातून नवे विणतात. कोळी बहुधा डोके खाली करून बसतो. वर चढण्यापेक्षा खाली धावणे जलद, म्हणून जाळ्याचा खालचा भागही बहुधा मोठा असतो.

पतंग मात्र या कारागिराला ठकवतो. अंगावरचे खवले डिंकाला चिकटवून तो निसटतो. अमेरिका खंडातील स्कोलोडेरस जातीच्या कोळ्याचे जाळे म्हणूनच शिडीसारखे उंच असते. पतंग सुटतो, खाली घसरतो, पुन्हा चिकटतो, पुन्हा सुटतो. घसरता घसरता खवले संपतात आणि डिंक उघड्या अंगाला लागतो.