शिशाऐवजी लोखंड चालेल का? घरगुती वजनातून शिकू या प्रयोगाची आखणी

‘संशोधनाला विषय कुठून आणायचा?’ हा प्रश्न पेट-नेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात. आज एक अगदी साधं उदाहरण घेऊ. गळ किंवा पाग खाली जावा म्हणून त्याला वजन लावतात. हे वजन बहुतेक वेळा शिशाचं असतं, आणि हौशी मंडळी ते घरीच ओततात. जुनं शिसं चुलीवर वितळवायचं, साच्यात ओतायचं, झालं! शिसं साधारण ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे भट्टी लागत नाही. घरगुती कामासाठी ते लोकप्रिय आहे ते यामुळेच.

अडचणही इथेच आहे. वितळलेल्या शिशावर राखाडी मळी जमते. ती वाळली की तिची धूळ होते आणि हाताला, कपड्यांना, भांड्यांना चिकटून घरभर फिरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाचा निर्धोक म्हणता येईल असा कोणताही स्तर माहीत नाही. पोटात गेलेलं शिसं लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषून घेतं, आणि परिणाम थेट मेंदूच्या वाढीवर होतो. ब्रिटनमध्ये मासेमारीतली शिशाची बारीक वजनं खडे समजून हंस गिळत आणि विषबाधेने मरत. म्हणून तिथे १९८७ साली ०.०६ ग्रॅम ते २८.३५ ग्रॅम या टप्प्यातल्या शिशाच्या बहुतेक वजनांच्या विक्रीवर बंदी आली.

मग पर्याय काय? ‘लोखंडाचे नट लावा’ असं सुचवलं की ठरलेलं उत्तर येतं: ‘लावून बघितलं, हलकं पडतं.’ संशोधक म्हणून आपलं काम इथे सुरू होतं. हे उत्तर खोटं नाही, पण त्यात एक प्रश्न दडलाय. हलकं पडतं म्हणजे कशाच्या तुलनेत?

आकडेमोड करून बघू. शिशाची घनता ११.३४, लोखंडाची साधारण ७.८५ आणि कठीण दगडाची सुमारे २.७ ग्रॅम प्रति घनसेंमी. ५० ग्रॅमचं शिशाचं वजन ४.४ घनसेंमी जागा व्यापतं. आर्किमिडीजच्या नियमाने गोड्या पाण्यात तेवढ्याच पाण्याचं वजन वजा होतं, म्हणजे पाण्यात ते ४५.६ ग्रॅमसारखं वागतं.

आता त्याच आकाराचा लोखंडाचा तुकडा घ्या. तो भरतो ३४.६ ग्रॅम आणि पाण्यात उरतो फक्त ३०.२. एक तृतीयांश ओढ गेली! मण्याला मणी बदलणाऱ्याला लोखंड हलकं वाटणारच.

पण तुलना पाण्यातल्या वजनाची केली तर? ४५.६ ग्रॅमची ओढ मिळवायला लोखंड लागतं ५२.३ ग्रॅम, म्हणजे फक्त सुमारे सव्वादोन ग्रॅम जास्त. आकारमान मात्र ६.७ घनसेंमी होतं, जवळपास दीडपट. दगडाला ७२.४ ग्रॅम आणि शिशाच्या सहापट जागा लागेल. म्हणजे खरी अडचण वजनाची नाही, आकाराची आहे. तोच आकृतिबंध ठेवून वजन दीडपट मोठं केलं तर व्यास सुमारे १५ टक्के वाढतो, पाण्याचा अडथळा वाढतो आणि बुडण्याचा वेग अंदाजे १३ टक्क्यांनी कमी होतो. आता आपल्याकडे तपासण्याजोगं विधान आहे. यालाच गृहीतक म्हणतात.

तपासायचं कसं? तीन गोष्टी आधी वहीत लिहून ठेवा.

१. काय मोजणार? ‘किती मासे मिळाले’ हे मोजू नका. ते भरती-ओहोटी, पाण्याचा गढूळपणा आणि नशीब अशा दहा गोष्टींवर ठरतं. त्याऐवजी पाग तळाला लागायला किती सेकंद लागतात आणि पाग किती रुंद उघडतो ते मोजा. मोबाइलवर व्हिडिओ घेतला तरी पुरतं.

२. काय बदलणार? फक्त धातू. जाळं तेच, आस तोच, टाकणारा माणूस तोच. एकाच वेळी वजनही बदललं आणि आसही बारीक केला, तर फरक कशामुळे पडला ते कधीच कळणार नाही.

३. कोणत्या क्रमाने? आधी शिशाचे वीस फेक, मग लोखंडाचे वीस, असं केलं तर मधल्या वेळात ओहोटी लागते, हातही थकतो. मग तो फरक धातूचा की पाण्याचा? म्हणून क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. वजनं बदलायला वेळ जात असेल तर दोन सारखे पाग ठेवा आणि दोन्हींवरची वजनं एकदा अदलाबदल करून पुन्हा मोजा.

१३ टक्के हा आकडा सुट्या वजनाचा आहे, हेही लक्षात ठेवा. पागात जाळ्याचा स्वतःचा अडथळा असतो, त्यामुळे प्रत्यक्ष फरक वेगळा येऊ शकतो. म्हणून तर मोजायचं! शिवाय खाऱ्या पाण्यात साधं लोखंड गंजतं आणि गंजलेली खरबरीत कड दोरा कापते. स्टेनलेसचे नट महाग पडतात. म्हणजे वेगासोबत टिकाऊपणा आणि खर्च अशी आणखी दोन मोजमापं आली, आणि प्रत्येकाला वेगळा प्रयोग लागेल.

मार्गदर्शकांसमोर ‘शिशाला पर्याय शोधणे’ असा विषय ठेवलात तर तो ढगाएवढा मोठा वाटेल. ‘पाण्यातलं वजन समान ठेवल्यास लोखंडी वजनांचा पाग तळाला लागायला किती जास्त वेळ घेतो?’ असं विचारलंत, तर काय मोजायचं आणि कशाशी ताडायचं हे प्रश्नातच आलं. उत्तर ‘फारसा फरक नाही’ असं आलं तरी ते वाया जात नाही. घरात शिसं वितळवणाऱ्या माणसाला आपण ‘धोका आहे’ एवढंच सांगत राहतो. त्याला ‘आकाराने नाही, पाण्यातल्या वजनाने जुळवा, इतका फरक पडेल’ असं मोजून सांगता आलं, तर तो चुलीवरचं भांडं उतरवण्याचा विचार तरी करेल.