पावसाळी पदभ्रमण आणि देहाची ऊब

थंडीने माणूस गारठतो असे म्हटले, की हिमालयाची शिखरे डोळ्यांसमोर उभी राहतात. परंतु प्राण संकटात पडण्यास बर्फच हवा असे नाही. पाऊस, वारा आणि थकवा हे तिघे एकत्र आले, की आपल्या सह्याद्रीतही तो प्रसंग ओढवू शकतो.

लिंबायतमधील अनेक कुटुंबे मूळची खानदेशातील. बागलाणातील साल्हेरचे नाव त्यांस परके नाही. डांगच्या सीमेलगतचा हा दुर्ग १५६७ मीटर उंच आहे. उंची १००० मीटरने वाढली, की हवेचे तापमान सरासरी ६.५ अंशांनी उतरते. म्हणजे सुरतेत घामाच्या धारा वाहत असताना तेथील माथ्यावर आठ-दहा अंशांनी अधिक गारवा असतो. शिवाय वारा असतो तो वेगळाच.

आपल्या देहाचे आतील तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. ते ३५ अंशांच्या खाली उतरले, की धोका सुरू होतो. ओले वस्त्र ही उष्णता दोन वाटांनी पळविते. स्थिर हवेपेक्षा पाणी सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, ही पहिली वाट. दुसरी बाष्पीभवनाची. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० उष्मांश लागतात. सदऱ्यात पावशेर पाणी मुरले आणि तो अंगावरच वाळला, तर भाकरीभर अन्नातून मिळालेली उष्णता जवळजवळ त्यातच खर्ची पडते!

म्हणून कापडाची निवड महत्त्वाची. एरवीच्या दमट हवेत १०० ग्रॅम लोकर सुमारे १६ ग्रॅम, सूत ८.५ ग्रॅम, तर पॉलिएस्टर अवघे ०.४ ग्रॅम पाणी धारण करते. सूत भिजले की अंगाला चिकटते आणि लवकर वाळत नाही. लोकर पाणी पिते खरी; पण तिचे कुरळे तंतू ओले असतानाही आपल्यामध्ये हवा धरून ठेवतात, आणि ऊब देते ती ही कोंडलेली हवाच. आपल्या गल्लीतील यंत्रमागांवर विणले जाणारे पॉलिएस्टर पाणी शोषीत नाही, म्हणून झटपट वाळते. अंगालगत तेच बरे. मात्र ते विस्तवाजवळ नेऊ नये. ते वितळून कातडीला चिकटते.

आपले पूर्वज हे शास्त्र अनुभवाने जाणत होते. धनगर घोंगडीची खोळ डोईवर घेऊन पावसात मेंढरे राखी. कोकणातील शेतकरी बांबूच्या कामट्यांचे व पानांचे इरले पाठीवर घेई. इरल्याची बाजू मोकळी असल्याने घामाची वाफ बाहेर निघून जाई. प्लॅस्टिकचा बंद कोट पाऊस अडवितो, पण घामाने आतून भिजवितो. यास्तव चढ लागण्यापूर्वीच एखादे वस्त्र काढावे, गळ्याची गुंडी सोडावी आणि चाल बेताची ठेवावी. थांबताच लोकरीचे वस्त्र चढवावे. थंडी वाजण्याची वाट पाहू नये.

आणखी एक नियम कटाक्षाने पाळावा. पाठपिशवीत आतून जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तीत कपड्यांचा एक जोड व पांघरूण तोंड बांधून ठेवावे. हा कोरडा जोड केवळ झोपण्यासाठी. सकाळी पुन्हा ओलेच कपडे चढविणे जिवावर येते; पण चालू लागताच अंग तापते, आणि रात्रीची ऊब सुरक्षित राहते. जमीनही उष्णता ओढते. म्हणून अंगाखाली गवत, पोते वा सतरंजी हवीच. खिशात गूळ-शेंगदाणे असावेत, कारण देहाच्या चुलीस सरपण लागते.

सोबती थरथरू लागला, त्याला गुंडी लावता येईना, बोलणे अडखळू लागले, तर पुढे जाण्याचा हट्ट तत्काळ सोडावा. थरथर थांबूनही तो सुस्तावला, तर ते बरे होण्याचे नव्हे, अधिक धोक्याचे चिन्ह होय. त्याला आडोशाला न्यावे, ओले कपडे उतरवून कोरडे घालावेत, डोके व छाती झाकावी. शुद्धीवर असून गिळता येत असेल तर गोड, ऊन चहा पाजावा. हातपाय चोळू नयेत, मद्य देऊ नये आणि वैद्यकीय मदत त्वरित मिळवावी.

या साऱ्यास फार पैसा लागत नाही. लागते ती पूर्वतयारी आणि सोबत्याकडे लक्ष. किल्ला पुढच्या वर्षीही तेथेच असतो. म्हणून वेळीच मागे फिरण्यात कमीपणा नाही, हे प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानी ठेवावे.